चार्ज कोणापाशी आहे?

ते गाड्यांना उलटा हात लावायचे. तळवा नाही, बोटांची पाठ. नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या इमारतीखाली सतरा घरांच्या गाड्या दाटीवाटीनं उभ्या असतात. त्यांच्यामधून ते रोज सकाळी एकदा आणि दुपारी तीनला एकदा फिरायचे, आणि प्रत्येक बोनेटवर हाताची पाठ टेकवून क्षणभर थांबायचे. आजारी लेकराचा ताप बघावा तसे. उभी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात टर्बाइनजवळ गेलेली. बेअरिंग तापलंय का, हे हातानं पाहायची तिथली सवय. मी नवीन राहायला आलो तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी मला हे सांगितलं होतं. "तळवा राठ असते गा, खोटं सांगते. पाठ खरं सांगते."

तळमजल्यावर पार्किंगला लागून एकच घर आहे, ते त्यांचं. बायको वारलेली, मुलगी वर्ध्याला. सोसायटीतली माणसं त्यांना तोंडावर काकाजी म्हणत आणि पाठीमागे बोनेटकाका. पाठीमागे म्हणणाऱ्यांत मीही होतो. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो, दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. विमानतळापलीकडच्या मिहानमधल्या नोकरीतून दमून घरी यावं, तर हे जिन्याशी उभे. हातात कागद.

त्यांच्या चिठ्ठ्या वायपरखाली असत. रेघा मारलेल्या वहीचं पान, कातरीनं सरळ कापलेलं. "मागची डावी काच दोन बोटं उघडी." "पेट्रोलचं झाकण नीट लागलं नाही." एकदा पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थाच्या गाडीवर चिठ्ठी होती, "सकाळी साडेपाचला बोनेट गरम. सर्व ठीक ना?" ती नेमकी त्याच्या बायकोच्या हाती पडली. बाहेरगावच्या कामाला जातो सांगून हा माणूस रात्रभर कुठं होता, यावरून त्या घरात आठ दिवस भांडण पेटलं. तो खाली येऊन काकांवर ओरडला. काका शांतपणे म्हणाले, "मी तुले कुठं गेलता ते नाही विचारलं. ठीक आहे का, ते विचारलं."

आम्ही हे वर्षभर सांगून हसत राहिलो.

पार्किंगच्या भिंतीवर एक पाटी होती. 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत. सोसायटी जबाबदार नाही.' या पाटीचा काकांना मनापासून राग होता. पाहुणा आला की ते त्याला हात धरून तिच्यासमोर नेत. "वाचा. सोसायटी जबाबदार नाही. मंग कायले जबाबदार आहे? गणपती बसवाले?" आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. "इथं चार्ज कोणापाशी आहे?"

हा प्रश्न त्यांनी वीज केंद्रातून आणला होता. तिथं एका पाळीचा माणूस दुसऱ्या पाळीच्या माणसाला चार्ज देतो. कुठलं यंत्र चालू, कुठलं बंद, कुठं गळती, सगळं समोरासमोर सांगतो, समोरचा 'घेतला' म्हणतो, तेव्हाच पहिला घरी जातो. मुलीच्या बारशाच्या दिवशी काकांचा बदली माणूस आलाच नाही. ते सलग तिसरी पाळी उभे राहिले. घरी पोचले तेव्हा नाव ठेवून झालं होतं, पाहुणे निघून गेले होते. "बायको तीन महिने बोलली नाही," ते सांगत. पश्चात्ताप नसे आवाजात, बढाईही नसे. "पण मशीन सोडून कसा येऊ बाप्पा? कोणी घेतलाच नोता ना चार्ज."

मला त्या वेळी हे सगळं फार कंटाळवाणं वाटायचं.

मागच्या फाटकाची कडी दिवाळीत तुटली. ते फाटक गल्लीत उघडतं, गाडी जाईल एवढं रुंद. चौथ्या मजल्यावर राहणारे आमचे अध्यक्ष घरी कोचिंग क्लास घेत, त्यांची पोरं त्या फाटकानं ये-जा करीत. कडी लागली की त्यांना वळसा पडतो, म्हणून ती दुरुस्त होत नव्हती. पार्किंगमधला कॅमेराही त्याच सुमारास बंद पडला. लाल दिवा तेवढा लागायचा, रेकॉर्डिंग होत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "दिवा लगा है ना? चोराला काय माहीत आत काय आहे?" मी हसलो. हसलो, हे नीट आठवतं.

काकांनी या दोन गोष्टींवर मला सात पत्रं दिली. प्रत्येकाची कार्बन कॉपी स्वतःकडे ठेवून, माझी सही घेऊन. मी उभ्या उभ्या सही करायचो आणि पत्र चपलांच्या कपाटावरच्या खणात टाकायचो.

एप्रिलमध्ये एका दुपारी काकांच्या हातानं अध्यक्षांच्या नव्या गाडीचा अलार्म वाजला. अध्यक्षांची झोप मोडली. संध्याकाळी बैठक. "कोई भी मेरी गाडीला हात लावेल, हे चालणार नाही," ते म्हणाले. बाकीच्यांच्या मनातही एकेक चिठ्ठी सलत होतीच. पाच मिनिटांत ठराव झाला: कोणत्याही सभासदानं दुसऱ्याच्या वाहनाला स्पर्श करू नये, पार्किंगमध्ये विनाकारण फिरू नये. नोटीस मी टाइप केली. खाली सही माझी. काकांना द्यायलाही मीच गेलो.

त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मला वाटलं, भांडतील. ते म्हणाले, "लेखी आदेश आहे. बंद म्हणजे बंद." आणि पोच म्हणून सही करून दिली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची फेरी थांबली. तीन वाजता ते आपल्या गॅलरीत खुर्ची टाकून बसत, हात मांडीवर उलटे ठेवून. मला सुटल्यासारखं झालं.

आता मे महिन्यातली ती दुपार. हे मला कोणी विचारलं तर मी सलग सांगू शकत नाही, मध्येच कुठंतरी राग येतो आणि आवाज चढतो. पण लिहिताना सांगतो.

नागपुरात मेमध्ये दुपारी तीन वाजता रस्त्यावर कुत्रंही नसतं. सगळी माणसं बंद दारांआड कूलरसमोर. मी ऑफिसात होतो. बायकोचा फोन आला की कूलरचा पंप बंद पडलाय, घरात बसवत नाहीये. मी आमच्या चौकीदाराला, देवरावला, फोन केला. देवराव उमरेडकडचा. बापाचा हातमाग बंद पडल्यावर शहरात आलेला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. "वर जाऊन पंप बघून दे," म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, खाली कोणी नाही." मी म्हटलं, "दहा मिनिटांनी काय होते?"

दहा मिनिटांनी काय होते.

देवराव वर गेला आणि निळे शर्ट घातलेले दोघं मागच्या फाटकानं आत आले. ते तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंच्या गाडीपाशी गेले. ताई बँकेत नोकरीला. स्वतः स्कूटरनं जायच्या, गाडी ठेवली होती आईसाठी. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. त्या दोघांनी सरळ चावीनं दार उघडलं. ती चावी कुठून आली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

काका गॅलरीतून उठले आणि नोटीस मोडून पार्किंगमध्ये आले.

"कोण गा तुमी?"

"सर्व्हिसिंगवाले हैं काका. मॅडमने बुलाया."

"कागद दाखव."

"कागद गाडी के साथ मिलता है."

"मंग गाडीही कागदासंग मिळन. थांब."

त्यांनी देवरावला हाका मारल्या. सगळ्या खिडक्यांत कूलर घरघरत होते, कोणाला ऐकू जाणार? गाड्या नेहमी पुढूनच निघायच्या, म्हणून ते पुढच्या फाटकापाशी गेले, ते बंद केलं आणि देवरावची प्लास्टिकची खुर्ची फाटकाला टेकवून तिच्यावर बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, डोक्यावर दुपट्टा नाही, पायाखाली तापलेलं सिमेंट. तिथून त्यांनी मला फोन लावला. ताईंचा नंबर त्यांच्याकडे नव्हता, सगळ्यांचे नंबर सेक्रेटरीकडे.

माझ्या टेबलावर फोन थरथरला. नाव दिसलं. मी कापला. परत आला. कापला. शेजारच्या टेबलावरच्याला मी म्हणालोसुद्धा, "आमच्या सोसायटीत एक नमुना आहे." तिसऱ्यांदा आला तेव्हा फोन पालथा करून ठेवला.

त्या दोघांनी पुढचं फाटक अडलेलं पाहिलं. गाडी मागं घेतली आणि मागच्या फाटकानं गल्लीत काढली. काका उठून धावले म्हणे. गुडघ्यांनी धावू दिलं तेवढे. देवराव खाली आला तेव्हा ते मागच्या फाटकाला धरून उभे होते आणि तुटलेली कडी हातानं हलवत होते.

गाडी मिळाली नाही. आजतागायत नाही.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्येच बैठक. ताई आल्या, डोळे सुजलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. कॅमेरा बंद होता, फाटक तुटलेलं होतं, हे सोसायटीनं लेखी मान्य करावं. अध्यक्षांनी बसल्या जागेवरून भिंतीकडे बोट केलं.

"मॅडम, बोर्ड वाचला नाही का? आपल्या रिस्कवर उभी करायची असते गाडी."

त्यांच्या आईला त्या दिवशी सकाळी ऑटोनं डायलिसिसला नेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आणि चोरांना पाहिलं कोणी? काकाजींनी," अध्यक्ष पुढे म्हणाले. "पाहिलं, बोलले त्यांच्याशी, आणि जाऊ दिलं. आता काय म्हणायचं? पण असो, त्यांचं वय झालं. चौकीदार जागेवर नव्हता, मूळ मुद्दा तो. काढून टाका त्याला. पोलिसांनाही तेच लिहून द्या की तो न सांगता निघून गेला होता. संशय त्याच्यावरच आहे."

देवराव खांबाशी उभा होता. काका उठले.

"जागा सोडली त्यानं, बरोबर. चूक झाली. पण चौकीदार उन्हात वर काहून गेला? कोणी बोलावलं त्याले?"

देवरावनं माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या नजरेत. तो वाट पाहत होता. माझी बायको दोन खुर्च्या सोडून बसली होती, तिनं पदर बोटाला गुंडाळायला घेतला.

"बोल ना गा देवराव."

त्यानं आणखी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली. "कोणी नाही काकाजी. मीच गेलतो."

मी गप्प बसलो. भीती वाटली, लाज वाटली, असं काहीतरी लिहून हे सौम्य करता येईल. पण खरं असं की मी त्या क्षणी हिशेबानं गप्प बसलो. आता बोललो तर सेक्रेटरी अडकतो, नंतर बघू, एवढा सरळ विचार माझ्या डोक्यात आला. मग मी माझ्याच अक्षरात लिहिलं की चौकीदार कोणालाही न सांगता जागा सोडून गेला होता, आणि खाली सही केली. त्याला काढायचा ठरावही त्याच बैठकीत झाला.

देवरावला दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. त्याच्या खोलीची झडती झाली. तिसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून, सात पत्रांच्या कार्बन कॉप्या पिशवीत घेऊन, ऑटोनं एकटेच ठाण्यात गेले. त्यांनी काय काय सांगितलं ते मला तेव्हा कळलं, जेव्हा मला बोलावणं आलं.

अधिकारी माझ्यापेक्षा वयानं लहान होता. त्याच्यापुढे माझी सही असलेली पत्रं पसरलेली. "काकांचे तुम्हाला तीन फोन," तो म्हणाला. "कापले. ठीक आहे, बिझी असाल. पण त्याच्या थोडं आधी तुमचाच एक फोन चौकीदाराला गेलाय. काय काम होतं?"

"कूलरचा पंप," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली. "आणि लिहून देताना हे आठवलं नाही?"

त्यानं माझा नवा जबाब घेतला. देवरावमागचा ठाण्याचा फेरा त्याच संध्याकाळी सुटला.

मी थेट काकांकडे गेलो. मला वाटत होतं, ते तरी बरं म्हणतील. दारातूनच म्हणालो, "काकाजी, मी पोलिसांना सगळं सांगून टाकलं."

ते भाजी चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "तू सांगितलं नाही. तू सापडला."

त्यांनी विळी बाजूला सारली, आणि पहिल्यांदा मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं.

"तो माणूस तुह्या तोंडाकडं पाहून राहिला होता भर सभेत! तुह्यासाठी खोटं बोलला तो. आणि तू लिहून राहिला होता! अरे, दोन दिवस त्याची बायको त्या ठाण्याच्या बाहेर झाडाखाली बसून होती. मी पाहिली. तुले माहीत होतं, घरी जाऊन तू जेवला कसा गा?"

"काकाजी, चुकलं माझं."

"मले नको सांगू. माही गाडी नाही गेली आणि माही नोकरीही नाही गेली. ज्या सभेत गप बसला त्या सभेत बोल. सतरा घराले सांग."

त्या रविवारी मी सभा बोलावली आणि उभं राहून सगळं सांगितलं. कूलर, कापलेले फोन, खणातली पत्रं, खोटी सही. मला वाटलं होतं, लोक तुटून पडतील. तसं काही झालं नाही, आणि माझा खरा संताप तिथून सुरू होतो.

अध्यक्ष म्हणाले, "अरे यार, छोडो. माणसाकडून होते. तुम्ही काय मुद्दाम केलं का?" कोणीतरी म्हणालं, मोठेपणा लागतो कबूल करायला. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. देवरावला काढायला या लोकांना पाच मिनिटं लागली होती. मला माफ करायला दोनसुद्धा लागली नाहीत. मी म्हटलं, मग देवरावला परत घेऊ या. तेव्हा मात्र सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एजन्सीशी बोलणं झालंय, नवीन गार्ड गणवेशातला मिळतो, जुन्या माणसावर एकदा शंका आली की बरं नाही वाटत.

"शंका कायची?" काका कडाडले. "गाडी नेली त्याहीनं, फाटक उघडं ठेवलं तुमी, बोलावून नेलं यानं. आणि शंका देवराववर?"

अध्यक्ष म्हणाले, "काकाजी, बीपी वाढंन तुमचा. बसा."

तेवढ्यात ताई उठल्या. त्या कोणाकडे पाहत नव्हत्या. "माफ केलं, माफ केलं म्हणताय, ते तुम्ही कोण? गाडी माझी गेली. आईला घेऊन ऑटोसाठी उन्हात मी उभी राहते." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी नाही केलं तुम्हाला माफ. आणि काकाजी, तुम्ही एकटे त्या फाटकापाशी बसला होतात, ते मला कोणी सांगितलंच नाही. मला पोलिसांकडून कळलं." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

मी सेक्रेटरीपद सोडलं. सोडायच्या आधी कॅमेरा आणि कडीबद्दल सगळं खरं लिहून, सहीनिशी ताईंना दिलं. अध्यक्षांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मागच्या फाटकाला महिनाभरानं कुलूप लागलं, तेही क्लासमधल्या एका पोराची सायकल गेली म्हणून. ताईंनी इथली जागा भाड्यानं देऊन दवाखान्याजवळ घर घेतलं.

देवरावकडे मी गेलो होतो. त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली. माझं सगळं ऐकून घेतलं. "तवा बोलले असते साहेब तं बरं झालं असतं," एवढंच म्हणाला. त्याची बायको आतून बाहेर आलीच नाही.

काकांनी पुन्हा फेरी सुरू केली नाही. नोटीस कोणी मागे घेतली नव्हती, आणि ते मागायला गेले नाहीत. हिवाळ्यात मुलीनं त्यांना वर्ध्याला बोलावून घेतलं. ते जाणार आहेत हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. त्या सकाळी वरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं चहा पीत उभी होती. खाली कोणी उतरलं नाही.

देवराव मात्र आला होता. तो आता मिहानकडच्या एका गोदामावर होता, सुट्टी टाकून आला होता. त्यानं छोटा टेम्पो ठरवून आणला होता. मीही खाली गेलो. आम्ही दोघांनी मिळून कपाट, दोन पेट्या, पलंग चढवला. तो माझ्याशी लागेल तेवढंच बोलला. थोडं तिरपं करा. हं. ठेवा.

काका स्वेटर घालून बाहेर आले, दाराला कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं. ते टेम्पोकडे निघाले तसा मी पुढे झालो आणि वाकलो. माझे हात त्यांच्या पावलांपर्यंत पोचायच्या आत त्यांनी पाय मागे घेतले.

"पाया पडू नको," ते म्हणाले. वरच्या गॅलऱ्यांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पाया पडून मोकळे होता तुमी लोकं."

मग देवरावच्या खांद्याचा आधार घेऊन ते ड्रायव्हरशेजारी चढले आणि त्यांनी दार स्वतः ओढून घेतलं.